परवाचा डोळा

माणसाने आयुष्यात एका तरी गोष्टीत तज्ज्ञ असावं, असं माझं मत आहे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून मी पेन्शनीत निघालो, पण तिथलं तज्ज्ञपण कचेरीच्या पायरीवरच राहिलं. घरात माझं मत कोणी विचारत नाही. उरला मासा. रेवदंड्याच्या बंदरावर ताजा मासा ओळखावा तर दत्तात्रेय गुप्त्यांनीच, हे मी स्वतः अनेकांना सांगितलेलं आहे.

आम्हा कायस्थांच्या घरात मासळीची पिशवी पुरुषाच्या हातात असते. बायको चाव्या सांभाळते, कपाट सांभाळते, नवऱ्यालाही सांभाळते, पण पिशवी नवऱ्याची. वेणूबाई कोळणीचा आणि माझा तर जुना करार होता. मासा मी निवडायचा, भाव तिने सांगायचा. मी निवडत असताना तिने बोलायचं नाही आणि ती भाव सांगत असताना मी बोलायचं नाही. दुसऱ्या कलमापायी माझं आयुष्यभर नुकसान झालं, पण करार म्हणजे करार.

मासा ओळखायचा तो डोळ्यावरून. अंगावर पाणी मारून चकाकी आणता येते, कल्ल्यांनाही लाली आणणारे महाभाग आहेत, पण डोळा खोटं बोलत नाही. काचेसारखा स्वच्छ आणि वर आलेला डोळा म्हणजे मासा आजचा. जरा मंद असेल तर कालचा. पांढुरका आणि आत गेलेला असेल तर परवाचा, पुढे चालू लागा. एवढं ज्याला कळलं त्याला संसारात दुसरं काही कळलं नाही तरी चालतं.

तर एकोणीसशे चौतीस सालच्या वैशाखात आमच्या मुलीचं लग्न झालं आणि व्याही-विहीण पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले. व्याही दिनानाथराव पेणचे. त्यांची तिथे मिठागरं आहेत, आणि मासा खावा तर खाडीचा, समुद्राचा मासा नुसता अंगाने मोठा, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेला सुरुंग लावायचा म्हणून मी भल्या सकाळी बंदरावर जाऊन वेणूबाईच्या पाटीतून एकेक पापलेट पारखून आणलं. ती दोनदा खाकरली, पण करारामुळे बोलली नाही. मी पिशवी नाचवत घरी आलो.

पिशवी उघडताच आमच्या मंडळीने पदर नाकाला लावला. मला काहीच वास येईना. तीस वर्षांच्या विडीच्या धुरामुळे माझ्या नाकाने माझ्याही आधी पेन्शन घेतली होती. दुसरं काही आणायला वेळ नव्हता. चिंच, आलं, लसूण यांचा मारा करून तेच पानात वाढलं. विहीणबाईंनी तुकडी हळूच पानाच्या कडेला सारली. दिनानाथरावांनी ती कडेची तुकडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "रेवदंड्याला बर्फाचा कारखाना निघाला वाटतं?"

पंगतीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. निघताना ते म्हणाले, "मार्गशीर्षात चौलच्या दत्ताच्या जत्रेला येऊच. तुम्ही आता त्रास घेऊ नका, मासा मी आणेन." माझ्या लेकीने मान खाली घातली. सासरा आपल्या घरी मासा घेऊन येणार, तोही समुद्रकाठच्या गावात! मंडळीने त्याच संध्याकाळी माझी तागाची पिशवी धुऊन स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगली आणि सांगितलं, "उद्यापासून वेणूबाई दारावर येईल. मी घेईन."

दुसऱ्या दिवशी वेणूबाई दारावर आली तेव्हा मी तिला जाब विचारला. ती म्हणाली, "भाऊ, मना ठावं व्हतं मावरं शिलं हाय. पन तुमीच सांगलंव ना, बोलाचं नाय? दोनदा खोकलू मी. आजून किती खोकू?"

आपल्याला नीट दिसत नाही, ही गोष्ट माणूस सहजासहजी मान्य करत नाही. मी आधी पापलेटाला दोष दिला, मग उजेडाला, मग चष्म्याच्या काचेला. पण पिशवी परत मिळवायची तर मार्गशीर्षाच्या आत डोळे ठिकाणावर आणायला हवे होते. म्हणून मी आमचे शेजारी बाळाजीपंत जोशी यांच्याशी खाजगीत बोललो. बाळाजीपंतांशी खाजगीत बोलणं म्हणजे गावात दवंडी पिटण्याचा बिनखर्ची मार्ग. तिसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्या डोळ्यांसमोर बोटं नाचवून "किती?" विचारू लागला.

म्हातारपणी डोळे का जातात याची कारणं प्रत्येकाकडे तयार होती. बाळाजीपंतांचं कारण तंबाखू. "विडीचा धूर डोळ्यात जाऊन बसतो, दत्तोबा," असं सांगून त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. तपकीर ही तंबाखू नव्हे, तो वेगळा विषय आहे, असं ते समजतात. मी विडी सोडली. पहिले काही दिवस मी घरातल्या सगळ्यांशी भांडलो. नंतर बाहेरच्यांशी भांडलो.

मग कोणीतरी म्हणालं, ऊन. समुद्रावर ऊन चकाकतं ते डोळ्यांना मारतं, आणि भाऊ तर रोज संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून बसतात. झालं. मी काळी छत्री घेऊन समुद्राकडे पाठ करून वाळूत चालू लागलो. पण येताना समुद्र समोर येतो, म्हणून येताना उलट्या पावलांनी. कोळीवाड्यातली पोरं माझ्यामागे, म्हणजे माझ्यापुढे, रांग धरून उलटी चालू लागली. एकदा तर मी वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांत पाठमोरा शिरलो. बोंबलांच्या मालकिणीने माझ्या घराण्याविषयी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घराण्याचा विषय तसाही निघालाच होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी आठवण करून दिली की माझे आजोबा शेवटी शेवटी देवळाच्या खांबाला रामराम करायचे. मी आजवर त्यांना अत्यंत विनयशील समजत होतो. "रक्तातच आहे तुमच्या," असा निकाल लागला. आजोबा काही बदलता येत नाहीत, म्हणून हे एक कारण मी सोडून दिलं.

मंडळीचं म्हणणं, पोटात पालेभाजी नाही. "नुसता मासा, मासा. हिरवं कधी खाल्लंय?" त्या ज्येष्ठात आणि आषाढात मी शेवग्याचा पाला, माठ, अळू, लाल भोपळा इतका खाल्ला की गोठ्यातली म्हैस माझ्याकडे आपुलकीने बघू लागली.

पण कळस झाला तो मुंग्यांचा. बाळाजीपंतांच्या कुठल्याशा मेहुण्याची नजर मधुमेहाने गेली होती. ते म्हणाले, "सोपी परीक्षा आहे. परसात केळीखाली लघवीला बसायचं. घटकाभराने मुंग्या लागल्या तर साखर, नाही लागल्या तर देवाची कृपा." परीक्षा सोपी होती खरी. मी केळीखाली माझा भाग पुरा केला, घटकाभर थांबलो आणि वाकून बघितलं. काही दिसेना. आणखी वाकलो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मुंग्या आहेत की नाहीत हे ठरवायला आधी मुंगी दिसायला हवी. ती दिसत असती तर मी केळीखाली कशाला आलो असतो?

मंडळीला हाक मारली. ती दारापर्यंत आली, काय बघायचं आहे ते तिला कळलं आणि ती तशीच आत गेली. अखेर बाळाजीपंतांनाच बोलावलं. ते सोवळ्यात होते. धोतर सावरत, दोन हात दूर उकिडवे बसून, नाकावर चष्मा ठेवून ते म्हणाले, "मुंग्या आहेत." मग जरा पुढे सरकून म्हणाले, "पण काळ्या आहेत, आणि केळीवर चाललेल्या दिसतात. तुमच्याकडे त्यांचं लक्ष नाही." एवढ्यात त्यांना तपकिरीची शिंक आली आणि सगळ्या मुंग्या पांगल्या. परीक्षेचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

श्रावण लागला. घरात मासळी बंद झाली आणि खुंटीवरची पिशवी जास्तच डोळ्यात भरू लागली. एका सकाळी मी खिडकीशी आरसा धरून मिशी कातरत होतो. उजव्या डोळ्याने धुकं दिसत होतं, म्हणून आरसा नाकाशी आणून जरा बऱ्या डाव्या डोळ्याने बघत होतो. बघता बघता डाव्या डोळ्याला आरशातला उजवा डोळा नीट दिसला. मी तो बघितला, जसा आयुष्यभर पाटीतल्या माशाचा बघत आलो तसा. बुबुळाच्या मधोमध पांढुरकी झाक. चकाकी नाही.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "परवाचा. पुढे चला."

आणि मग मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? विडी सोडली, उलटं चाललो, म्हशीचं खाणं खाल्लं, गावभर हसं करून घेतलं, पण एकदाही मी माझा स्वतःचा नियम स्वतःला लावला नव्हता. मंडळी मागे येऊन उभी राहिली. तिने आरसा काढून घेतला, माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघितलं. "मोतीबिंदू आहे हो," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचा असाच होता. त्यांनी दाखवला नाही. तुम्ही मात्र दाखवायचा." तिचा आवाज पिशवी काढून घेतानाच्या आवाजासारखा नव्हता.

त्याच सुमारास एका दानशूर शेठजींनी अलिबागला एका धर्मशाळेत डोळ्यांचा फिरता दवाखाना भरवला होता. सर्विस मोटारने धक्के खात मी आणि मंडळी तिथे पोचलो. दारात पन्नासएक माणसं बसली होती. आम्हीही बसलो. दुपार झाली तरी दार उघडेना. लोक कंटाळून शेठजींच्या दानशूरपणाबद्दल शंका घेऊ लागले. अखेर मंडळी उठली, दारावर एक कागद चिकटवला होता तो तिने वाचला, आणि कपाळावर हात मारला. कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ज्यांना दिसत नाही त्यांनी मागील दाराने यावे.'

डॉक्टर मुंबईचे होते. त्यांनी बत्ती धरून दोन्ही डोळे बघितले आणि उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं. मी त्यांच्यापुढे माझी सगळी कारणं मांडली, आजोबांपासून मुंग्यांपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मुख्य कारण वय," ते म्हणाले. "ते तुम्हाला थांबवता येणार नाही. घराण्यात असतं, तेही खरं. ऊन आणि विडी ही मात्र तुमच्या हातातली गोष्ट. छत्री धरलीत, विडी सोडलीत, फार चांगलं केलंत. पालेभाजीही सोडू नका. फक्त सरळ चाला." गावच्या सल्ल्यातला निम्मा भाग खरा निघाला याचं मला वाईट वाटलं. बाळाजीपंतांना हे कळू द्यायचं नाही असं आम्ही मोटारीत ठरवलं.

पण मोतीबिंदू अजून पिकला नव्हता. पिकल्यावर या म्हणाले. जन्मभर मी मासा ताजा आहे का एवढंच बघितलं होतं. आता आंब्याच्या अढीसारखी डोळा पिकण्याची वाट बघणं आलं. गावातही "भाऊ, पिकला का?" अशी रोज चौकशी सुरू झाली. नवरात्रात तो पिकला, दवाखाना अजून होता, आणि माझी शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेचं काही वाटलं नाही. त्यानंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं पडून राहायचं होतं, ते कठीण. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, आणि शिंक तर मुळीच नाही. "शिंकलात तर डोळा गेला समजा," डॉक्टर म्हणाले. अशा वेळी बाळाजीपंत भेटायला आले. पट्टीमुळे मला दिसत नव्हतं, पण डबी उघडल्याचा टिक् असा आवाज आला. पाठोपाठ तपकिरीचा झणझणीत वास. विडी सुटल्यापासून माझं नाक परत कामावर रुजू झालं होतं, त्याला याच क्षणी कर्तव्य आठवलं. शिंक नाकाच्या शेंड्यावर येऊन उभी राहिली. मी जीभ टाळूला दाबली, रामरक्षा म्हणू लागलो, कचेरीतले सगळे साहेब आठवले. मंडळीने काय झालं ते ओळखलं आणि बाळाजीपंतांना डबीसकट बाहेर काढलं. शिंक परत गेली. मी आयुष्यात केलेलं सर्वांत मोठं शौर्य ते, आणि ते कोणाला दिसलंही नाही.

कार्तिकात चष्मा मिळाला. उजवीकडे पेल्याच्या बुडाएवढं जाड भिंग, आणि दोन डोळ्यांत भांडण नको म्हणून डावीकडे काळी काच. डॉक्टर भिंगाबद्दल आणखीही काही सांगत होते, पण मी ऐकलं नाही, कारण मी खिडकीतून समुद्र बघत होतो. समुद्र निळा होता. मला वाटत होतं की आपल्या म्हातारपणाबरोबर समुद्रही मळकट होत चालला आहे. मी मंडळीकडे वळलो. "केस कधी पांढरे झाले तुझे?" "चार वर्षं झाली," ती म्हणाली आणि उगाच पदर डोक्यावरून पुढे ओढला. ती पूर्वीपेक्षा अंगाने जरा भरल्यासारखी वाटली, पण ते बोलून दाखवण्याइतका मी आंधळा नव्हतो.

मार्गशीर्ष आला. जत्रा भरली. बुधवारी सकाळी व्याही पेणहून जेवायलाच येणार होते. मंडळीने खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. लढाईवर निघालेल्या शिपायाला तलवार देतात तशी मी ती घेतली.

वेणूबाईची पाटी बघून मी थक्क झालो. डोळे काय, कल्ले काय! एकेका माशाचा डोळा मण्यासारखा चकाकत होता. आणि पापलेटं केवढी! इतकी थोर पापलेटं रेवदंड्यात मी कधी बघितली नव्हती. मी दहा माणसांना पाच निवडली. वेणूबाई खाकरली.

"भाऊ, आजून पाच घ्या. पुराचं नाय."

"करार!" मी म्हणालो.

"आवं, पन बारकी हायेत..."

"करार म्हणजे करार, वेणूबाई!" पिशवी हलकी लागली, पण विजयात वजन कोण बघतो?

घरी मंडळीने पिशवी ओट्यावर उलटी केली. नाकाशी पदर गेला नाही. उलट तिने वास घेऊन मान डोलावली, आणि मग विचारलं, "ही पिल्लं कोणासाठी?" मी पापलेटावर हात ठेवून बघितला. डोळ्याला जे ताटाएवढं दिसत होतं ते माझ्या पंज्याखाली सबंध मावलं. डॉक्टर काय सांगत होते ते आता कळलं. त्या भिंगातून सगळं सव्वापट दिसतं. मी आधी पापलेटाकडे बघितलं, मग मंडळीकडे बघितलं आणि मनातल्या मनात तिची क्षमा मागितली.

बंदरावर परत जायला वेळ नव्हता, कारण दारात गाडी वाजली होती. दिनानाथराव उतरले. तोंडात विडी, आणि मागे गड्याच्या डोक्यावर केळीच्या पानांनी झाकलेली टोपली. टोपलीत जिताडा! पेणच्या खाडीचा तो राजा. भिंगाचं सव्वापट वजा केलं तरी हातभर लांब. "आज पहाटेचा," व्याही म्हणाले. "स्वतः निवडलाय. म्हटलं, तुमच्याकडे बर्फ नको."

मंडळीने माझ्याकडे बघितलं. लेकही आतून बघत होती. काही न बोलता जिताडा घेतला असता तर पंगत साजरी झाली असती आणि माझी पिल्लं झाकली गेली असती. पण मी सवयीने वाकलो आणि त्याच्या डोळ्यात बघितलं. पांढुरका. आत गेलेला.

"दिनानाथराव," मी म्हणालो, "हा परवाचा आहे."

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "गुप्ते, जिताड्यातलं तुम्हाला काय कळतं? मी डोळ्यांनी बघून घेतलाय!"

"मी पेणलाच सांगत होते, वास मारतोय म्हणून," विहीणबाई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या. "पण ऐकतात कुठे!"

दिनानाथराव त्यांच्याकडे वळले तेव्हा सकाळचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं. मी पुढे झालो आणि व्याह्यांचा मान वगैरे विसरून त्यांची हनुवटी धरली. दोन्ही डोळे बघितले. डावा कालचा होता. उजवा परवाचा.

"विडी किती ओढता?" मी विचारलं.

"आं?"

"मिठागरावर छत्रीशिवाय उभे राहता ना? पांढऱ्याफेक मिठावर, भर उन्हात? घरात कोणाचे डोळे गेले होते?"

"वडिलांचे," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. आणि मग आणखी हळू, "गुप्ते, हल्ली हिशेबाचे आकडे दोन दोन दिसतात. कोणाला बोललो नाही."

त्या क्षणी माझा वैशाखातला सगळा राग गेला. मी त्यांना ओटीवर बसवलं, माझा जाड चष्मा दाखवला, डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी विडी अंगणात विझवली. जिताडा मांजरीपुढे ठेवला. तिनेही दोनदा विचार केला.

आत मंडळीने कमाल केली होती. पापलेटं अख्खी तळून मधोमध मांडली, प्रत्येकाला अर्धं अर्धं, आणि बरणीतले सुक्या कोलंबीचे सोडे काढून मोठं पातेलं भरून खिचडी केली, जोडीला वालाचं बिरडं. विहीणबाईंनी आपलं अर्धं पापलेट काट्यापर्यंत चाटून पुसून खाल्लं आणि म्हणाल्या, "असं ताजं पापलेट मी जन्मात खाल्लं नाही." दिनानाथराव माझ्याकडे बघत होते. "समुद्राचा मासा," ते सावकाश म्हणाले, "लहान असला तरी चांगला असतो." लेक वाढता वाढता हसली. तिचं हसू मला सव्वापट दिसलं, आणि ते तेवढंच होतं.

विडा खाऊन झाल्यावर ओटीवर बाळाजीपंतही येऊन बसले. अलिबागला पुन्हा दवाखाना भरला की व्याह्यांना मी स्वतः घेऊन जाणार, असं ठरलं. मग दिनानाथरावांनी इकडे तिकडे बघून माझ्या कानाशी तोंड आणलं.

"हे जोशीबुवा म्हणतात की आधी केळीखाली कसलीशी मुंग्यांची परीक्षा असते. पण मला मुंग्या दिसणार कशा?"

मी उठलो, चष्मा पुसला, नीट नाकावर बसवला आणि परसाचं दार उघडलं.

"चला," मी म्हणालो. "मुंग्या मी बघतो."